शिल्लक माल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'क्लोजिंग स्टॉक' हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो आणि पदवी हातात पडेपर्यंत पाठ सोडत नाही. वर्षअखेरीस दुकानात जो माल शिल्लक राहिला असेल त्याची किंमत लावायची. ती लावताना खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती रक्कम, या दोहोंत जी कमी असेल ती धरायची, असा नियम. हा नियम लिहून मी परीक्षेत पुष्कळ गुण मिळवले आहेत. पण गेल्या मे महिन्यात हाच नियम आमच्या घरातल्या एका खोलीला लावायची पाळी आली, तेव्हा मात्र माझी चांगलीच पंचाईत झाली. त्या पंचाइतीची ही हकीकत.

आमचे गाव गणेशगुडी. दांडेलीकडच्या वाचकांना एवढे पुरे. इतरांसाठी सांगते की, जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावून कारवारला समुद्राला मिळणाऱ्या काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे, त्या धरणाच्या पायथ्याचे हे गाव. धरणाला ज्याचे नाव मिळाले ते सुपा गाव धरणाच्याच पाण्याखाली गेले. पूर्वी तालुकाही सुपाच होता. गाव बुडणार म्हणून कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि तालुक्याचे नाव बदलले. उठलेल्या लोकांपैकी पुष्कळांना रामनगरला जागा मिळाल्या. आमची आजी त्यांतलीच. बाबा तेव्हा शाळेत होते. पुढे कामगारांच्या वसाहतीमुळे गणेशगुडीत चार पैसे मिळतील म्हणून ते इकडे आले आणि इथलेच झाले.

२००१ साली बाबांनी सीडी लायब्ररी काढली. दुकानावर पाटी दोन भाषांत होती, वर मराठी आणि खाली कन्नड. दिवसाचे भाडे १० रुपये, अनामत १०० रुपये. धरणावर आणि वीजघरावर कामाला साऱ्या कर्नाटकातले लोक, त्यांच्यासाठी कन्नड चित्रपट. आसपासच्या खेड्यांत घरात कोकणी आणि शाळेत मराठी बोलणारे लोक, त्यांच्यासाठी मराठी. आणि हिंदी सर्वांसाठी. शनिवारी संध्याकाळी दुकानासमोर सायकलींची रांग लागत असे, असे आई सांगते. पुढे घरोघरी छपरावर डिश आली, मूळ सीडीच तीस रुपयांच्या आसपास विकत मिळू लागली, आणि शेवटी चित्रपट खिशातल्या फोनवर आला. तीस रुपयांची वस्तू दहा रुपये रोजाने कोण भाड्याने नेणार? हा प्रश्न बाबांना अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय समजला. २०१३ मध्ये त्यांनी दुकान बंद केले आणि सारा माल घराच्या मागच्या खोलीत आणून ठेवला.

तिथे तो बारा वर्षे होता. आता काळी नदीवर रबरी नावांतून उड्या मारायला शहरांतून पाहुणे येतात आणि गावात ज्याच्याकडे एक जादा खोली आहे तो ती भाड्याने देतो. आमच्याकडे एक जादा खोली होती, पण तिच्यात चित्रपट राहत होते. मे महिन्यात बाबा म्हणाले, "खोली मोकळी करायची आहे. एक ट्रंक भरून ठेव, बाकीचं भंगारवाल्याला दे. निवड तू कर, मला ते होणार नाही."

मी मोजदाद केली. एकूण तबकड्या १,१४६. बाबांच्या वहीप्रमाणे खरेदीची किंमत एक लाख आठ हजारांच्या वर. एका तबकडीचे वजन साधारण १५ ते १६ ग्रॅम, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम १८ किलो. भंगारवाला किलोला २० रुपये देत होता. नियमाप्रमाणे शिल्लक मालाची किंमत झाली ३६० रुपये. आकडा बरोबर होता, पण बाबांना सांगायचा धीर मला झाला नाही.

ट्रंकेत कागदी पाकिटांतून घातल्या तर दोनशे तबकड्या मावत होत्या. मी नियम केला : एका चित्रपटाची एकच प्रत ठेवायची आणि ती सर्वांत चांगली. बोलायला सोपे. आमच्याकडे 'अशी ही बनवाबनवी'च्याच चार प्रती होत्या, कारण १९८८ सालचा हा चित्रपट आमच्या गावात कधी जुना झालाच नाही. चारही प्रतींवर तेच हसरे चेहरे. यांतली चांगली कोणती?

आधी मला वाटले, हे आकड्यांनी सुटेल. व्हीसीडीचे चित्र आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपक्यांचे असते, डीव्हीडीचे ७२० आणि ५७६ ठिपक्यांचे. गुणाकार केला तर डीव्हीडी चौपटीने सरस. शिवाय व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावतो, त्यामुळे चित्रपट दोन-तीन तबकड्यांवर तोडावा लागतो. आमच्याकडच्या एका प्रतीत पहिली सीडी ऐन विनोदावर संपते. दुसरी घालेपर्यंत हसू विझून जाते. म्हणून मी डीव्हीडींचा गठ्ठा उजवीकडे आणि व्हीसीडींचा डावीकडे केला आणि अर्ध्या तासात काम संपले म्हणून खूश झाले.

संध्याकाळी लावून पाहिल्यावर गठ्ठे पुन्हा मिसळावे लागले. एका डीव्हीडीवर सहा चित्रपट कोंबलेले होते. ४.७ गिगाबाइटच्या तबकडीला सहा वाटेकरी आले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार, हे भागाकार येणाऱ्या कोणालाही कळेल. माणूस चालू लागला की त्याच्या अंगाचे चौकोन होत. दुसऱ्या एका डीव्हीडीचे चित्र चौपट स्वच्छ होते खरे, पण ज्या फिल्मवरून ते काढले ती इतकी झिजलेली की ओरखडेच चौपट स्वच्छ दिसत होते. तिच्याशेजारची साधी व्हीसीडी कोणीतरी चांगल्या फिल्मवरून काढलेली होती. तबकडी कोणती यापेक्षा ती कशावरून उतरवली हे अधिक महत्त्वाचे, हा पहिला धडा. आणि तो वेष्टनावर कुठेही छापलेला नसतो.

मग मी लांबीकडे वळले. ज्या प्रतीत सर्वांत जास्त मिनिटे ती पूर्ण, असे धरून घड्याळ लावून बसले. अडीच तासांचा म्हणून ओळखला जाणारा एक चित्रपट सर्व प्रतींत १४४ मिनिटांतच संपत होता. सहा मिनिटे चोरली म्हणून मी घरात आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये भौतिकशास्त्राच्या एका सरांजवळ तक्रार केली. ते हसले आणि म्हणाले, "फिल्म सेकंदाला २४ चित्रांनी फिरते आणि आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत २५ चित्रांची. तेव्हा चित्रपट थोडा वेगाने चालवतात. १५० ला २४ ने गुण आणि २५ ने भाग." १४४ आले. म्हणजे कोणी काही कापले नव्हते, सारा चित्रपटच किंचित घाईत होता. गाण्यांची पट्टीसुद्धा त्यामुळे जराशी चढते म्हणे. माझ्या कानांना ते कधी कळले नाही, कारण आम्ही ती गाणी पहिल्यापासून तशीच ऐकली होती. कोणावर चोरीचा आळ घेण्यापूर्वी हिशेब पुन्हा तपासावा, हे मात्र चांगले कळले.

पण काही प्रतींत खरोखरच काही वेगळे असते. 'शोले' १९७५ साली आला तेव्हा त्याचा मूळ शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता, हे आता सर्वश्रुत आहे. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. लोकांनी पडद्यावर पाहिला त्यात पोलीस येऊन त्याला अडवतात. मूळ शेवटाची प्रत पुढे कॅसेट-तबकड्यांवरून फिरली आणि दुरुस्त केलेला पूर्ण चित्रपट २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवला गेला. आमच्या गल्लीत यावरून दोन पक्ष होते. एका पक्षाने गब्बर मेलेला पाहिला होता, दुसऱ्याने नव्हता, आणि दोन्ही पक्ष शपथेवर सांगत. दोघांनी वेगवेगळ्या तबकड्या नेल्या होत्या, इतकेच. बाबा दुकानदार, त्यामुळे त्यांना दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असल्याचे ठाऊक होते. ते बोलत नसत, कारण वाद वाढला की दोन्ही प्रतींना भाडे मिळत असे.

चौकटीचाही प्रश्न होता. रुंद पडद्यासाठी काढलेला चित्रपट जुन्या चौकोनी टीव्हीत बसवायचा तर दोन मार्ग. एक, वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून सगळा दाखवायचा. दोन, पट्ट्या नकोत म्हणून डावी-उजवी बाजू छाटायची. दुसऱ्या मार्गाने गेलेल्या एका प्रतीत दोन माणसे बोलत असतात आणि आपल्याला मध्ये ठेवलेले टेबल तेवढे दिसते. आमच्या गिऱ्हाइकांना मात्र काळ्या पट्ट्यांचाच राग. "पैसे पूर्ण घेता आणि टीव्ही अर्धा भरता?" असे म्हणत. आता नेमके उलट झाले आहे. नवे टीव्ही रुंद, त्यांत जुना चौकोनी चित्रपट लावला की तो ताणला जातो. 'संत तुकाराम' लावला तेव्हा आजी म्हणाली, "तुकोबा एवढे जाड कधी झाले गं?" १९३६ सालच्या ज्या चित्रपटाला दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, त्याची ही दशा आमच्या नव्या टीव्हीने केली होती. मी माळ्यावरून जुना डबा टीव्ही उतरवला. तुकोबा पुन्हा सडपातळ झाले.

रंगाचा वाद माझ्या कन्नड मैत्रिणीशी झाला. डॉ. राजकुमारांचा १९७१ सालचा 'कस्तूरी निवास' कृष्णधवल होता. २०१४ मध्ये तो रंगवून पुन्हा चित्रपटगृहांत आला. हिंदीत 'मुगल-ए-आझम' त्याआधी २००४ मध्ये असाच पूर्ण रंगीत होऊन आला होता, मुळात त्याचा थोडाच भाग रंगीत होता. मैत्रीण म्हणाली, रंगीत प्रतीमुळेच तिचा धाकटा भाऊ 'कस्तूरी निवास' पाहायला बसला, एरवी बसला नसता. मी म्हणाले, ज्यांनी तो काढला त्यांनी उजेड आणि सावली योजली होती, साडीचा रंग नव्हे. आम्ही बस येईपर्यंत भांडलो. घरी आल्यावर मी कृष्णधवल प्रत ट्रंकेत टाकली. पण तिच्या भावाचा मुद्दा मला अजूनही खोडता आलेला नाही. जी प्रत कोणी पाहतच नाही ती चांगली कशी म्हणावी?

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाचक विचारतील. सगळे फोनवर मिळते की! मिळते, पण आमच्या तालुक्यात डोंगराच्या अलीकडे फोनला रेंज असते आणि पलीकडे नसते. आणि दुसरे असे की, फोनवरचा चित्रपट आपला नसतो. आज दिसतो, उद्या करार संपला की दिसत नाही. अमेरिकेत नेटफ्लिक्स कंपनी १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देत होती. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिनेही तो व्यवहार बंद केला. म्हणजे बाबांच्या आणि तिच्या धंद्याची जात एकच. बाबांनी तो दहा वर्षे आधी बंद केला, एवढाच फरक.

चित्रपट ही वस्तू किती सहज नाहीशी होते हे मला या निमित्ताने वाचायला मिळाले. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात २००३ साली आग लागून जुन्या नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा जळाला. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ फिल्म १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या. पुढे त्या जळक्या रिळांतून जेवढे वाचले तेवढे आणि उरलेले इतर प्रतींतून घेऊन बोलोन्यातल्या कारागिरांनी चित्रपट पुन्हा उभे केले आणि २०१५ साली ते पडद्यावर व तबकडीवर आले. माझ्या ट्रंकेने असे काही होणार नाही, हे मला कळते. तरी १८ किलोचे ३६० रुपये हा हिशेब मला अपुरा वाटू लागला.

आता मुख्य गोष्ट.

प्रभातचा 'शेजारी' १९४१ चा. व्ही. शांतारामांनी प्रभातसाठी केलेला हा शेवटचा चित्रपट, कथा विश्राम बेडेकरांची. एका खेड्यात जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे जिवलग शेजारी राहतात. तिथे एका भांडवलदाराला धरण बांधायचे असते. गाव एक राहिले तर जमीन मिळणार नाही, म्हणून तो या दोघांत वितुष्ट आणतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे मित्र त्या पाण्यात एकत्र मरण पावतात. प्रभातने हाच चित्रपट त्याच वर्षी हिंदीत 'पडोसी' नावाने काढला. मराठीत केशवराव दाते जिवबा आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत जागीरदार पुन्हा मिर्झाच, पण त्यांचा हिंदू मित्र झाले मझहर खान. म्हणजे हिंदी चित्रपटात मुसलमान नट हिंदू म्हातारा झाला आणि हिंदू नट मुसलमान म्हातारा. देशात फाळणीची भाषा सुरू झालेली असताना हे मुद्दाम केलेले होते.

आमच्याकडे 'शेजारी' दोन सीडींत होता आणि 'पडोसी' एका डीव्हीडीत. माझ्या नियमाने हा एकच चित्रपट की दोन? कंपनी एक, दिग्दर्शक एक, कथा एक. चित्र डीव्हीडीचे स्वच्छ. शिवाय 'शेजारी'ची दुसरी सीडी शेवटची दहा-बारा मिनिटे चालतच नसे. चित्र गोठे आणि यंत्र गप्प होई. निर्णय सोपा होता : 'पडोसी' ट्रंकेत, 'शेजारी' भंगारात.

टाकण्यापूर्वी मी ती सीडी तपासली. चालण्याची बाजू आरशासारखी होती, एक ओरखडा नाही. सहज दिव्यासमोर धरली तर कडेजवळ नखाएवढ्या जागेतून उजेड आरपार आला. नंतर वाचून समजले की सीडीवरचा मजकूर असतो तो चालण्याच्या बाजूला नव्हे, छापील बाजूच्या अगदी खाली, पातळशा चकचकीत थरात. खालून त्याला सव्वा मिलिमीटर जाडीचे संरक्षण असते, वरून जवळजवळ काहीच नाही. छापील बाजूचे काही उपटले तर थरही उपटून येतो. (डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वाचते.) त्या जागी बाबांच्या दुकानाचा क्रमांक चिकटवलेला होता. आणि तो क्रमांक कुठे गेला हे मला पक्के ठाऊक होते. मी सहा वर्षांची असताना असे पिवळे क्रमांक उपटून माझ्या कंपासपेटीला आतून चिकटवत असे. पेटी अजून आहे. उघडून पाहिली. 'म-४७' तिथे होता. सुपा गावच्या आजीच्या सिनेमातले धरण मीच उपटून काढले होते.

आजी हा सिनेमा वर्षातून दोनदा तरी लावायला सांगते. चित्र गोठले की ती "पुढचं ठाऊक आहे मला," म्हणून उठते आणि भात टाकायला जाते. आम्हांला वाटे, तिने तो कधी तरी पूर्ण पाहिला असेल. त्या संध्याकाळी मी तिला माझी चोरी सांगितली आणि म्हटले, "आजी, आज हिंदीतला लावते. तो शेवटपर्यंत चालतो."

तेवढ्यात शेजारचे चाचा आले. चाचा मूळचे विजापूरकडचे. धरणाच्या कामावर काँक्रीटच्या पाळीत तरुणपणी आले ते इथेच राहिले. घरात दखनी, बाहेर कन्नड, आमच्याशी मराठी. ते आजीला अक्का म्हणतात आणि आजी त्यांना भाऊ म्हणते. चाळीस वर्षे कुंपणावरून कोथिंबीर, शिरकुर्मा, गोळ्यांची पाकिटे आणि नातवंडांच्या तक्रारी यांची देवघेव चालू आहे. पण एक गोष्ट मी त्या दिवशी प्रथम ध्यानात घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्यात धरण मी कधी ऐकले नव्हते. पाऊस येई, पाणी सोडल्याचा भोंगा येई, पण धरण नाही. एकाने ते बांधले होते आणि एकीचे घर त्याखाली होते. दोघांनाही ते माहीत होते, मग बोलायचे काय?

चाचांनी पसारा पाहून विचारले, "काय चाललंय?" मी सांगितले, चांगल्या तबकड्या निवडते आहे. ते कन्नडमध्ये म्हणाले, "याव्दु चलो ऐती, अदन्न इडु." जी चांगली असेल ती ठेव. मी मनात म्हटले, चाचा, गेले पंधरा दिवस तेच तर करते आहे!

डबा टीव्हीवर 'पडोसी' सुरू झाला. मी मध्येच नटांची अदलाबदल समजावून सांगितली. चाचा हसून म्हणाले, "मतलब इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे. चांगलं केलं." पुढे धरणाचे काम सुरू झाले, मित्रांत फूट पडली, तसे दोघेही गप्प झाले. मला वाटू लागले की मी भलतेच काही करून बसले आहे. उठून बंद करावे का, असाही विचार आला. पण आजी पदर आवळून पुढे सरकून बसली होती. ती आजवर न पाहिलेल्या भागात शिरली होती.

धरण फुटले. पाणी आले. दोघे म्हातारे गेले. पडदा काळा झाला तरी कोणी हलले नाही.

मग आजी म्हणाली, "हे असं आहे होय? मला वाटलं होतं, धरण पुरं होतं आणि गाव जातं."

'पुढचं ठाऊक आहे मला' याचा अर्थ हा होता. ती इतकी वर्षे त्या गोठलेल्या चित्रापुढे स्वतःचा शेवट जोडत होती.

चाचा थोड्या वेळाने म्हणाले, "अक्का, हे सिनेमातलं. आम्ही ओतलेलं काँक्रीट असं फुटायचं नाही."

"ठाऊक आहे मला. आणि फुटलं असतं तरी आमचं सुपा थोडंच वर येणार होतं?"

यावर चाचांनी मान खाली घातली आणि जे सांगितले ते आम्ही कोणीच कधी ऐकले नव्हते. कामावर नवे आले तेव्हा ते बाजाराच्या दिवशी सुप्याला जात. मासळी घेत, चहा पीत. "तुमच्या घराकडे वळताना फणस होता ना, मोठा? त्याच्याखाली आम्ही सायकली लावायचो. घर तुमचं हे तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. मग बोलायला तोंड झालं नाही."

"बरका फणस," आजी म्हणाली. "कापा नव्हता. तुम्ही खाल्लात का त्याचा?"

"खाल्ला. चोरून."

आजी हसू लागली. मग रात्री दहापर्यंत दोघे जण सुप्याची गल्ली पुन्हा मांडत बसले. कोणाच्या घराला लागून कोणाचे घर, पिठाची गिरणी कुठे, नदीची वाट कुठून. जिथे आजीला आठवेना तिथे चाचा सांगत आणि चाचा चुकले की आजी दुरुस्त करी. आईने दोघांनाही तिथेच ताटे वाढली. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. तेही सुप्याचेच, पण त्यांना एवढे आठवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगाराचे पोते बांधत होते. आजी आली आणि म्हणाली, "ती अर्धवट सीडी कुठे टाकलीस? तीही ठेव."

"अगं, पण आता पूर्ण असलेली आहे ना!"

"असू दे. हिच्यात ते दोघे म्हातारे अजून आहेत."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. लांबी, चौकट, रंग, ठिपके या माझ्या साऱ्या कसोट्यांना ती तबकडी नापास झाली होती. शिवाय एका चित्रपटाची एक प्रत हा नियम तिच्यासाठी मोडावा लागणार होता. मी पोते सोडले, दोन्ही सीडी काढल्या आणि ट्रंकेत 'पडोसी'शेजारी ठेवल्या. एकूण तबकड्या झाल्या २०२. झाकण जरा दाबून बसवावे लागले.

भंगारवाल्याने उरलेल्यांचे २९६ रुपये दिले. ते मी बाबांच्या वहीत जमा केले आणि खाली ट्रंकेतल्या मालाची यादी लिहिली. प्रत्येक नावापुढे वहीतून शोधून खरेदीची किंमत घातली, कारण बाबा ती वही अजून अधूनमधून चाळतात. शेवटची नोंद अशी आहे : 'शेजारी' (१९४१), दोन सीडी, दुसरी अपुरी, क्रमांक म-४७. त्या नोंदीपुढे किमतीचा रकाना मात्र रिकामाच ठेवला आहे.

खोलीत आता पाहुणे उतरतात. ट्रंक त्यांच्या पलंगाखालीच आहे.